डावा हात कुणाचा?

सांगलीला लागून असलेल्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना मूळची उजव्या हाताची. पण वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचे भारी कौतुक, आणि थोरला भाऊ श्रवण डाव्या हाताने खेळणारा. त्याच्यामागून मैदानावर जाणारी ही चिमुरडीही बॅट तशीच धरू लागली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात! 2013 च्या ऑक्टोबरात बडोद्याला गुजरातविरुद्ध तिने 150 चेंडूंत नाबाद 224 धावा झोडपल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. वय अवघे सतरा.

आता प्रश्न असा, की हा डावा हात कुणाचा? तिचा, की वडिलांच्या हौसेचा?

प्रश्न तसा जुनाच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पैलवान बापाच्या घरी जन्मले आणि लहानपणीच मातीत उतरले. 1952 साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन आले. त्या पोराला कुस्ती हवी का, असे कुणी विचारले असेल काय? आपल्याकडे असले प्रश्न मुलांना विचारायची रीत नाही. मुंजीच्या मुहूर्तापासून शाळेच्या निवडीपर्यंत सारे वडीलधारे ठरवतात, आणि पुढे मुलगा नावारूपाला आला म्हणजे लोक म्हणतात, 'पाहा, बापाने किती दूरवरचे ओळखले होते!'

या शेवटच्या वाक्याची मला भीती वाटते. 224 धावांनी बापाची निवड न्याय्य ठरते, असे मानले तर ज्या घरातले पोर चौदाव्या वर्षी संघातून गळाले, तिथला बाप त्याच निवडीपायी दोषी ठरेल. दोघांनी केले ते एकच. वेगळे होते ते फळ. फळावरून न्याय करणे सोपे खरे, पण तो न्याय नव्हे, हिशेब आहे.

सांगलीतच 1915 साली जन्मलेल्या विजय हजारे यांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. बॅट दोन पायांच्या मध्ये धरून उभे राहण्याची त्यांची ढब जाणत्यांना विचित्र वाटे. पण ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांनी त्यांना शिकवताना ती बदलू नकोस असेच सांगितले. पुढे 1948 साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत त्यांनी शतके केली. तेव्हा शिष्याचे आहे ते राखणारा गुरू चांगला आणि पोराचा हात बदलू देणारे घर वाईट, असे म्हणावे काय? तेही जमत नाही. हजारे तेव्हा जाणते तरुण होते. गुरूला 'नाही' म्हणू शकत होते. सहा-सात वर्षांचे पोर 'नाही' म्हणू शकत नाही, हा खरा फरक. म्हणून मला वाटते, हौस कुठून आली हे पाहू नये. ते 'नाही' पुढे कधी उच्चारले गेले, तर घर ते ऐकून घेईल की नाही, एवढे पाहावे.

मात्र एक गोष्ट सारखी मनात येते. बापाची हौस पोरांच्या मानेवर बसते, अशी तक्रार आपण करतो ती बहुधा मुलग्यांविषयी. मुलीचे दुःख पुष्कळदा निराळेच असते: तिच्यावर कुणी हौस ठेवलेलीच नसते. श्रवण महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघात खेळला. त्याच्यावर कौतुकाची नजर पडणे स्वाभाविकच होते. ती नजर धाकट्या बहिणीकडेही वळली, हे मात्र आपल्या घरांतून इतके स्वाभाविक नाही. संध्याकाळी कुठल्याही मैदानाच्या कडेला भावाची पिशवी सांभाळत बसलेली एखादी मुलगी दिसते. ती उजव्या हाताची की डाव्या, हे तिच्या घरात अजून कुणी पाहिलेले नसते.