विजेची अमानत आणि बंद्यांचे हक्क



दिव्य कुरआनच्या सूरह आले-इमरानमध्ये (३:१६१) अल्लाहने बजावले आहे की, जो कोणी अपहार करील, तो कयामतच्या दिवशी अपहार केलेल्या वस्तूसह हजर होईल. या आयतीचा अर्थ प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एका घटनेने स्पष्ट होतो. खैबरच्या मोहिमेनंतर एक सेवक बाण लागून मरण पावला. लोक त्याला स्वर्गाची शुभवार्ता देऊ लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणीपूर्वी त्याने उचललेली एक चादर त्याच्यावर आग होऊन पेटत आहे. हे ऐकताच एका माणसाने चपलेचा बंद आणून परत केला. सार्वजनिक मालमत्तेतील चपलेच्या बंदाचाही हिशेब असेल, तर तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेचा नसेल काय?

वीज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती कोणाची नाही असे मन समजते. परंतु नागपूरकरांना तिचे मूळ दूर शोधावे लागत नाही. शहराच्या उत्तरेस कोराडी आणि खापरखेडा येथे महानिर्मितीची औष्णिक केंद्रे आहेत. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. एक युनिट वीज, म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालेल इतकी ऊर्जा, निर्माण करण्यास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. त्याची राख परिसरातील गावांच्या वाट्याला येते. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले. आपल्या खोलीतील गारव्यामागे खाणीतील मजुराचा घाम आणि शेतकऱ्याचे नुकसान आहे. चोरलेल्या युनिटचा खर्चही नाहीसा होत नाही. गळतीचा भार प्रामाणिक ग्राहकाच्या, त्यात एखाद्या विधवेच्याही, बिलावर येतो. म्हणून हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही, हा हुकूकुल-इबादचा, बंद्यांच्या हक्कांचा प्रश्न आहे.

काही बांधव म्हणतात, “दर फार आहेत, बिलेही चुकीची येतात.” तक्रार खरी असू शकते. त्यासाठी ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तेथे हक्क मागणे योग्यच आहे. मात्र दुसऱ्याचा अन्याय आपल्या चोरीला हलाल करीत नाही. चोरीच्या विजेवर विवाहमंडप किंवा धार्मिक जलशाची रोषणाई करणे तर अधिकच लाजिरवाणे आहे. जी रोषणाई हरामावर उभी आहे, तिच्यातून पुण्याची आशा कशी धरावी?

बिल भरणाऱ्यालाही मोकळीक नाही. प्रेषितांनी (स.) वुजूच्या पाण्यातही, माणूस वाहत्या नदीकाठी असला तरी, इसराफ मना केला, झोपताना दिवे विझविण्याची शिकवण दिली. रिकाम्या खोलीत दहा तास फिरणारा ७५ वॉटचा पंखा पाऊण युनिट वाया घालवितो. नागपूरच्या मे महिन्यात कूलर ही चैन नव्हे, गरज आहे. इस्लाम गरजेपासून रोखत नाही. जमाअत संपल्यावर मशिदीतील पंखे व दिवे चालू राहणे मात्र वक्फच्या पैशाची उधळपट्टी आहे. विश्वस्तांनी याकडे लक्ष द्यावे.

ज्यांच्याकडून चोरी घडली, त्यांच्यासाठी तौबाचे द्वार उघडे आहे. परंतु बंद्याचा हक्क केवळ अश्रूंनी फिटत नाही. आधी आकडा काढावा, अधिकृत जोडणी घ्यावी आणि वापराचा प्रामाणिक अंदाज करून ती रक्कम वीज कंपनीला पोहोचवावी. मालक ठाऊक असताना ती रक्कम गरिबाला सदका दिल्याने कर्ज फिटत नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ नुसार वीजचोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्याच कायद्याच्या कलम १५२ मध्ये ठरावीक रक्कम भरून एकदा तडजोडीची सोयही आहे. दुनियेतील ही तडजोड कितीही महाग वाटली, तरी ज्या दिवशी देण्यासाठी नेकीखेरीज काहीच हाती नसेल, त्या दिवसाच्या हिशेबाहून ती स्वस्तच आहे.

अल्लाह आपल्या घरांना हलाल प्रकाश आणि आपल्या अंतःकरणांना अमानतीची जाणीव प्रदान करो. आमीन.