पाहुणा कोणाचा?

घरी पाहुणा यायचा असला म्हणजे आपण त्याचे अंथरूण-पांघरूण काढून ठेवतो, त्याला तिखट चालते की नाही हे विचारतो. त्याच्या गाडीभाड्याचे पैसे कोणी दिले, हे मात्र विचारीत नाही. तसे विचारणे आपल्याकडे बरे दिसत नाही. परंतु पाहुणा जेव्हा शिक्षक असतो, आणि आपल्या माजघरात नव्हे तर आपल्या मुलांच्या वर्गात येऊन बसणार असतो, तेव्हा हा प्रश्न विचारावा की न विचारावा? गेल्या वीस वर्षांत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथील कितीतरी शाळांपुढे तो उभा राहिला. निमित्त होते चिनी भाषेचे.

चीन सरकारच्या 'हानबान' या कार्यालयाने २००४ साली परदेशांत चिनी भाषा शिकविण्यासाठी कन्फ्यूशियसच्या नावाने संस्था काढण्यास आरंभ केला. पहिली निघाली दक्षिण कोरियात, सोल शहरी. संस्था बहुधा विद्यापीठांत असत (आपल्या मुंबई विद्यापीठातही एक निघाली होती), आणि साध्या शाळांतून 'कन्फ्यूशियस वर्ग' चालत. २०१८ अखेर जगभर अशा पाचशेहून अधिक संस्था आणि हजाराहून अधिक वर्ग होते. व्यवहार साधारणपणे असा, की शिक्षकाचे विमानभाडे व वेतनाचा भाग चीनकडून यावा, पुस्तके चीनकडून यावीत, आणि शाळेने राहण्याची सोय व बाकीचा खर्च पाहावा. ज्या लहान गावांच्या शाळांना पदरच्या पैशाने भाषाशिक्षक ठेवणे परवडत नव्हते, त्यांना ही मोठीच सोय वाटली.

येणारा माणूस कोण असे? कित्येकदा विशी-पंचविशीतली एखादी मुलगी, नुकतीच पदवी घेतलेली. कधी आपल्या गावी इंग्रजी शिकविणारी अनुभवी शिक्षिका. घरी तिने चाळीस-पन्नास मुलांचा शांत बसणारा वर्ग पाहिलेला. येथे पंचवीसच मुले, पण कोणी मध्येच उठून पाणी प्यायला जातो, कोणी बाईंनाच उलट विचारतो, "हे आम्ही का शिकायचे?" गावात मोटार चालविता येत नसेल तर भाजी आणायलाही दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. अशा वर्गात ती 'मा' हा एक उच्चार चार सुरांत म्हणून दाखवी. सरळ सुरात म्हटले तर आई, चढत्या सुरात ताग, खाली जाऊन वर आणला तर घोडा, आणि तोडून खाली आणला तर रागे भरणे. मुले आईला घोडा म्हणत आणि वर्ग हसे. नववर्षाच्या सणाला ती कणकेच्या पारीत सारण भरून मोदकाच्या जातीचा पदार्थ करायला शिकवी. या सगळ्यात वाईट काय आहे? आमच्या मते काहीच नाही. परक्या देशाच्या भाषेतले दहा शब्द ज्या मुलाला येतात, त्याला त्या देशाचा द्वेष करणे थोडे जड जाते.

तरी प्रश्न उरतोच, आणि तो त्या मुलीच्या करारात होता. कॅनडात ओंटारिओतील एका विद्यापीठाच्या कन्फ्यूशियस संस्थेत आलेल्या एका शिक्षिकेने पुढे अशी तक्रार केली, की फालुन गोंग या पंथाचे आपण नाही, अशी हमी तिला चीनमध्येच लिहून द्यावी लागली होती. ती स्वतः तो पंथ पाळीत होती. तिबेटसारखा विषय निघाल्यास तो बदलावा असे तिला शिकविले गेले होते, असेही तिने सांगितले. २०१३ साली त्या विद्यापीठाने संस्था बंद केली. दुसऱ्याच वर्षी टोरांटोच्या शाळामंडळाने आपल्या शाळांसाठी झालेला असाच करार मोडला. तेथे विरोधासाठी जमलेल्यांत चिनी वंशाचे पालक होते, आणि बाजूने बोलणाऱ्यांतही होते. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण दुरून पाहणाऱ्यांना हा गोरे विरुद्ध चिनी असा तंटा वाटतो.

येथे आम्हांला आपल्याच घरातली गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांचे आजे-पणजे ज्यांच्याकडे शिकले, ते शिक्षकही परदेशच्या पैशावर आलेले पाहुणेच होते. सिंथिया फॅरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि १८६२ साली अहमदनगरास वारल्या; मधली बहुतेक वर्षे मुलींच्या शाळांत गेली, आणि खर्च येई अमेरिकेतील मिशन बोर्डाकडून. मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांचा १८३९ साली बाप्तिस्मा झाला, तेव्हा पालकांनी मुले भराभर काढून घेतली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. आपल्या बाजूने लिहिलेल्या चरित्रांत त्या पालकांना आडमुठे म्हणण्याची रीत आहे. आज टोरांटोच्या पालकांचे वाचताना ते तितके आडमुठे वाटत नाहीत. इंग्रजी विद्येबरोबर आणखी काय घरात येते, हे विचारण्याचा बापाला हक्क होता. भेद दाखवायचाच तर एवढा दाखविता येईल, की विल्सन आपला हेतू चावडीवर सांगत आणि वादाला उभे राहत. चीनहून आलेल्या त्या मुलीला वादाला उभे राहण्याचीच मोकळीक नव्हती. मात्र हा भेद पुढे करून आपण सुटलो असे कोणी समजू नये.

म्हणून एखाद्या मुलाने वर्गात हात वर करून विचारले, "बाई, १९८९ साली बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात काय झाले?" तर काय करावे? काही टीकाकारांचे म्हणणे असे, की जी बाई याचे खरे उत्तर देऊ शकत नाही तिला शाळेत स्थान नसावे. आम्हांला हे पटत नाही. तिचे आईबाप तिकडे आहेत, नोकरी तिकडे आहे, दोन वर्षांनी तिला तेथेच परतायचे आहे. दुसऱ्याच्या जिवावर आपल्या सत्यप्रीतीची परीक्षा घेणे सोपे असते. मुलाचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याला उत्तर मिळालेच पाहिजे. पण ते देणे यजमानाचे काम आहे. शाळेच्या इतिहासाच्या शिक्षकाने द्यावे, उघडपणे, त्याच इमारतीत. चीनविषयी बोलणारे त्या शाळेत एकच तोंड असेल आणि तेही बांधलेले, तर दोष शाळेचा आहे. तिने आपले काम फुकटच्या माणसावर सोपविले.

'फुकट' या शब्दाशी आम्ही पुनः पुनः येतो. जो आपल्या पाहुण्याला स्वतःच्या ताटातले वाढतो, त्याला पंक्तीत काय बोलावे हे ठरविता येते. ज्याच्या घरचे धान्य पाहुण्याच्या धन्याने भरले, त्याची जीभ आपोआप आवरते. कोणी दटावावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ साली तेरा शाळांतील कन्फ्यूशियस वर्ग बंद केले, तेव्हा तेथील शिक्षणखात्याने सरळ सांगितले, की प्रत्यक्ष राजकीय दडपणाचा पुरावा आढळला नाही. परंतु परकीय सरकारने नेमलेली माणसे खात्याच्या आत बसलेली असणे योग्य नव्हे. हा निर्णय आम्हांला समजतो. चिनी भाषा त्यांनी अभ्यासक्रमातून काढली नाही, ही त्यातली चांगली बाजू. भाषा शिकणे अगत्याचे असेल तर तिचे दाम आपणच मोजावे.

संशय करारावरून माणसावर किती लवकर उतरतो, हे आपल्या देशालाही ठाऊक आहे. शांतिनिकेतनात तान युन-शान हे चिनी गुरुजी रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून १९२८ साली आले. १९३७ साली तेथे चीन भवन उघडले, त्यातही पैसा चीनकडचा होता. ते गृहस्थ येथेच राहिले आणि १९८३ साली बोधगयेस वारले. त्याच देशात १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यांत म्हातारे आणि शाळकरी पोरे होती, राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांच्यापैकी कोणी काही करार केला नव्हता.

परदेशी शाळांतले ते वर्ग पुष्कळ ठिकाणी एकामागून एक बंद झाले, आणि २०२० साली हानबान हे नावही गेले. ज्या बाईंनी आईचा आणि घोड्याचा सूर शिकविला, त्या एका वर्षी परत आल्या नाहीत. का आल्या नाहीत, हे त्या मुलांना कोणी बसवून सांगितले असेल काय?