दप्तरावर नाव कोणाचं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२. सात्त्विक, राजस आणि तामस दान. बऱ्याच जणांना पाठ असतील. नसतील तर आधी एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे या.

उन्हाळा संपत आला की आपल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. अमक्या गावातल्या मुलांना दप्तरं द्यायची आहेत, ज्याला जमेल तसे पैसे पाठवा. समजा, यंदा भंडारा जिल्ह्यात, गोसीखुर्द धरणाच्या बाजूची एखादी शाळा ठरली. पैसे पटापट जमतात. मग विचारणा होते, बॅग कोणती घ्यायची? हे पाच मिनिटांत उरकतं. बॅगेवर काय छापायचं, याला मात्र दोन संध्याकाळी लागतात. मंडळाचं नाव मोठं की बोधचिन्ह? खाली देणाऱ्यांची नावं येतील का?

गीतेचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. देणाऱ्याच्या नावाला तिथे जागाच नाही. आहेत ते तीन शब्द : देश, काल, पात्र. कुठे देताय, केव्हा देताय, कोणाला देताय.

आधी देश बघू. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली. वैनगंगा अडवली, भंडारा-नागपूरकडची गावंच्या गावं पाण्याखाली गेली आणि माणसं पुनर्वसनाच्या वसाहतींत आली. कालव्यांचं पाणी भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांच्या शेतीसाठी. नकाशावर एक निळा डाग वाढला, एवढंच आपल्याला शहरात बसून दिसतं. ज्यांचं घर, शेत, गावचं देऊळ त्या निळ्यात गेलं, त्यांची नातवंडं आज शाळेत जातात.

आता विसाव्या श्लोकातला एक शब्द पाहा, ‘अनुपकारी’. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, अशाला दिलेलं ते सात्त्विक दान. मी या शब्दापाशी दरवेळी अडतो. धरणासाठी गाव सोडणारी माणसं अनुपकारी कशी? त्यांनी तर आधीच दिलंय, तेही मनापासून विचारलं न जाता. त्यांच्या जमिनीवर साठलेल्या पाण्यावर खाली कुठेतरी धान पिकतो आणि तो भात कोणाच्याही ताटात येऊ शकतो, तुमच्या-माझ्याही. मग आपली बॅग हे दान आहे की जुन्या देण्यातला एक बारीकसा हप्ता? हप्ता असेल तर त्यावर नाव छापायचं कशाला? उसने पैसे परत करताना कोणी बॅनर लावतं का?

कोणी म्हणेल, नाव दिसलं की आणखी चार जण देतात. खरं आहे, देतातही. पण त्यासाठी पावती आहे, आपला ग्रुप आहे. आठ वर्षांच्या मुलीची पाठ ही जाहिरातीची जागा नव्हे. वर्षभर ती ते नाव घेऊन गावातून फिरणार, आणि हिला कोणीतरी दिलंय हे सगळ्या वर्गाला रोज वाचता येणार. प्रत्युपकाराची अपेक्षा ठेवून दिलेल्याला गीता राजस म्हणते. प्रसिद्धी हाही प्रत्युपकारच की! फक्त तो मुलांकडून वसूल होतो.

कालाचं फार बोलायला नको. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस भरतात आणि लगेच पाऊस. पाहुणे मोकळे असतील त्या दिवशी, म्हणजे पंधरा ऑगस्टला वाटप ठेवलं, तर तोवर वह्या भिजून झालेल्या असतात.

खरी मेहनत पात्राची. सगळ्या शाळेसाठी एकाच मापाची बॅग घेतली की स्वस्त पडते, म्हणून पहिलीतल्या पोरालाही सातवीचं दप्तर मिळतं आणि ते चालताना मांड्यांवर आपटतं. भरलेल्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. त्यात रिकामी बॅगच पाऊण किलोची असेल तर पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली कशात बसवायची? सरकारी शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, दप्तर घरच्यांनीच बघायचं असतं. त्यामुळे आपण देऊ तेच पोर दोन-तीन वर्षं ओढणार. म्हणून दोन रुंद, मऊ पट्टे, कमीजास्त करता येणारे. पाठीपेक्षा रुंद नको, कमरेखाली लोंबणारी नको. शिलाई उलटून बघा, चेन दहा वेळा ओढून बघा. ही तपासणी म्हणजे श्रद्धेत कमीपणा नव्हे. बाविसाव्या श्लोकात तामस दानाची खूण सांगितलीय : अनादराने, अवज्ञेने दिलेलं. गरिबाला काय, चालतंय की, ही अवज्ञाच झाली.

आणि मुलांना विचारा ना! २०१६ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली होती. दप्तर पाच-सात किलोचं होतं, वर्ग तिसऱ्या मजल्यावर, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्य सरकारने दप्तराचं ओझं कमी करायचा आदेश काढला होता. कागद होता, तरी मुलांना बोलावं लागलं. आपण निदान दोन-तीन रंग तरी पुढे ठेवू शकतो. घेणाऱ्याला निवडता आलं की मान थोडी ताठ राहते.

तेव्हा यंदा ऑर्डर देण्याआधी शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना फोन करून इयत्तेप्रमाणे पट मागवा. बॅगेच्या आत एक पांढरी पट्टी असते, नाव लिहायला. प्रत्येक दप्तरासोबत एक पेनही घ्या, ज्याचं त्याला तिथे लिहू दे.

जय हरी. उद्या श्लोक २३.