बोटे आणि मन

लढतीच्या व्हिडिओ खेळात बोटे श्रेष्ठ की मन? २००४ साली कॅलिफोर्नियातील ‘इव्हो’ स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर ३’ खेळताना जस्टिन वाँगने अखेरचा, सलग १५ आघातांचा हल्ला चढवला. दाइगो उमेहाराच्या गड्यात धुगधुगी तेवढी उरलेली. नुसते अडवले तरी मरण. त्याने पंधराही आघात नेमक्या क्षणी परतवले आणि सामना जिंकला. टाळ्या पडल्या त्या बोटांना! परंतु पहिला आघात परतवायचा, तर हल्ला पडद्यावर दिसण्यापूर्वीच दांडा पुढे सारावा लागतो. म्हणजे वाँगच्या मनातले त्याने अगोदरच ताडले होते. दुसऱ्याचे मन वाचावे, तेही त्याला पाडण्यासाठी! तरी याला कपट म्हणवत नाही मला. इतके लक्ष मित्रही क्वचितच देतात. पुढे अंतिम सामना उमेहारा हरला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.