राहिलेल्या कामाचा दोष

याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी एक वचन आहे, त्याने पुष्कळ भाविक मनुष्यांच्या अंतःकरणास टोचणी लागते. सत्कृत्य कोणते हे कळूनही ते न केले तर तेही पापच होय, असा त्या वचनाचा भाव आहे. आता आमच्या खेड्यापाड्यांतील एखाद्या उपदेशकाची स्थिती पाहा. त्याच्याकडे चार-पाच वाड्या, एक आजारी म्हातारी, भावाभावांचा जुना तंटा, बाप्तिस्म्याची तयारी करणारी दोन कुटुंबे आणि प्रार्थनामंदिराचे गळके छप्पर. रात्री दिवा मालवताना त्यास अशी पाच कामे आठवतात, की जी चांगली आहेत हे त्यास ठाऊक होते व जी त्याच्याने झाली नाहीत. मग तो पाच वेळा पापी ठरला काय? हा प्रश्न लहान नव्हे. त्याच्या ओझ्याखाली काही चांगले सेवक खचून गेले, आणि काहींनी तर तो विचारणेच सोडून दिले. दुसरी गोष्ट पहिलीहून वाईट.

ह्याचा विचार करावयास आम्ही एक असा धंदा घेतो, ज्यात कामांची यादी कधीच संपत नाही. तो म्हणजे होडी बाळगण्याचा. घाटावरील आमच्या कित्येक वाचकांनी समुद्र पाहिलाही नसेल. परंतु मृगापूर्वी घर शाकारण्याची धांदल त्यांस ठाऊक आहे, तेवढे पुरे. थंड देशांत होड्यांची डागडुजी हिवाळ्यात होते. पौलाच्या काळीही भूमध्य समुद्रावर हिवाळ्यात गलबते सहसा हाकारीत नसत, एखाद्या बंदरात ती ऋतू काढीत. आमच्या कोकणात तो काळ पावसाळ्याचा. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी समुद्रात जात नसत. अलीकडे यांत्रिक होड्यांस १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस मासेमारीची सरकारी बंदी असते. उधाणाच्या भरतीस होडी खाडीच्या काठाशी आणावी, ओंडक्यांवरून दहा-वीस माणसांनी ती वर ओढावी, दोन्ही बाजूंस टेकू द्यावेत व वर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालावे, हा तेथील परिपाठ आहे.

होडी वर आली म्हणजे यादी सुरू होते. प्रथम तळाला चिकटलेली शिंपल्यांची व शेवाळाची पुटे खरवडावयाची. मग लाकूड हातोडीने ठोकून पाहावयाचे. चांगली फळी खणखणीत वाजते, कुजलेली बद्द वाजते. समुद्रात एक लाकूड पोखरणारा जीव आहे, तो लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून फळीत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोटाएवढे भुयार पाडतो. बाहेरून पाहणारास फळी धडधाकट दिसते. होडी काही आठवडे कोरडी राहिली तर तो मरतो, पण त्याने खाल्लेले लाकूड परत येत नाही; ती फळी बदलावीच लागते. फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस उकरून तेलाराळेत भिजवलेला नवा ठोकून भरावयाचा, गंजलेले खिळे काढावयाचे, सुकाणूच्या बिजागऱ्या पाहावयाच्या, नांगराचा दोर वीतवीत तपासावयाचा, इंजिन उघडून त्यास तेल द्यावयाचे, जाळ्यांची फाटलेली घरे विणावयाची. शिवाय वरून पडणारे पावसाचे पाणी होडीत साचू द्यावयाचे नाही. कारण खारे पाणी लाकडास जितके मानवते तितके गोडे मानवत नाही, त्याने ते लवकर कुजते. आणि सर्वांच्या शेवटी रंग.

ही कामे एकमेकांत अडकलेली असतात. सांधा ओला असेल तर कापूस नीट बसत नाही, आणि पाऊस तर रोजचा. म्हणून उघडिपीची वाट पाहावी लागते. सुतार एक व होड्या वीस. पैसा मागल्या हंगामाचा, तो ज्येष्ठातच अर्धा संपलेला. श्रावण येतो तेव्हा एकही नाखवा असा नसतो, की ज्याची यादी पुरी झाली. काही तरी राहतेच. काय राहू द्यावे, हा प्रश्न आहे.

येथे मनुष्यस्वभाव उघडा पडतो. होडीचे पुढले टोक, ज्यास नाळ म्हणतात, ते सर्वांच्या नजरेत भरते. त्यावर ताजा रंग असला, नाव नव्याने लिहिले असले, म्हणजे बंदरात मान मिळतो. तळाचा सांधा होडी पाण्यात उतरल्यावर कोणास दिसत नाही. तेव्हा पैसा व दिवस दोन्ही अपुरे पडले की रंग होतो आणि सांधा राहतो. मंडळ्यांतही आम्ही हे पाहतो. वार्षिक सभेकरिता मंदिरास चुना लावतात, पण विधवांच्या फंडाचा हिशेब दोन वर्षे कोणी तपासलेला नसतो. चुना लावू नये असे आमचे म्हणणे नाही. प्रभूने शास्त्र्यांना व परूश्यांना दोष दिला, तो पुदिन्याचा दशमांश देण्याबद्दल नव्हे, तर तो देऊन न्याय व दया सोडून देण्याबद्दल होय.

आता याकोबाकडे परत जाऊ. ते वचन त्याने कोणास उद्देशून लिहिले? त्याच्या आधीची चार वचने वाचावी. उद्या अमुक नगरास जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा मिळवू, असे बोलणाऱ्या माणसांस त्याने हे लिहिले आहे. उद्याचा दिवस आपल्या पेटीत ठेवलेला आहे असे मानून जो आजचे चांगले काम पुढे ढकलतो, त्याजवर हा दोष आहे. ज्याजवळ दिवसच नव्हता, त्याजवर नव्हे. देवाने मनुष्यास चोवीस तासांचा दिवस व दोनच हात दिले, ते त्याने चुकून दिले असे आम्ही मानीत नाही. उपदेशक एका म्हातारीच्या उशाशी बसला म्हणून दुसऱ्या वाडीत गेला नाही, तर त्याने सत्कृत्य टाळले नाही. एक सत्कृत्य केले.

ह्या बाबतीत आम्हांस एका जुन्या होडीचा मोठा दिलासा वाटतो. १९८६ साली अवर्षणामुळे गालील समुद्राचे पाणी पुष्कळ ओसरले होते. तेव्हा गिन्नोसार येथील दोघा कोळी भावांस चिखलात एक होडी सापडली. ती सुमारे सत्तावीस फूट लांब व साडेसात फूट रुंद असून प्रभूच्या अवताराच्या काळाच्या आसपासची आहे, असे विद्वान ठरवितात. तीत प्रभू बसला होता असे काही लोक सांगतात; त्यास पुरावा नाही, आणि आमच्या विश्वासास त्याची गरजही नाही. विशेष हे की तिच्या फळ्या मुख्यतः देवदाराच्या व आतील बरगड्या बहुशः ओकाच्या असल्या, तरी तीत सुमारे दहा-बारा जातींचे लाकूड आढळले. त्यात आपल्या बोरीच्या कुळातले एक आहे. म्हणजे चांगले लाकूड मिळाले नाही तेव्हा हाताशी जे सापडले त्याने तिच्या धन्याने ठिगळे लावली, पुन्हा पुन्हा लावली, आणि पुष्कळ वर्षे ती होडी चालविली. ती कधी पुरी झाली असेल असे वाटत नाही. अखेर ती निरुपयोगी झाली तेव्हा तिचे उपयोगी भाग काढून घेऊन सांगाडा टाकून दिला.

तर मग पाप कोठे आहे? आमच्या मते ते काम राहण्यात नाही. राहिलेले काम लपविण्यात आहे. नाखवा पुष्कळदा किनाऱ्यावर राहतो, समुद्रात जातात ते तांडेल व खलाशी. रत्नागिरीच्या बाजूस तर आता नेपाळातून आलेले खलाशी पुष्कळ आहेत. त्यांनी त्या होडीचा तळ कधी पाहिलेला नसतो. सांधा सोडला एकाने आणि पाणी आले दुसऱ्याच्या पायाशी, हे ह्या धंद्यातले भय आहे. इंग्लंडात पूर्वी काही मालक जीर्ण जहाजांचा भारी विमा उतरवून ती बेसुमार लादून पाठवीत. जहाज बुडाले तरी मालकाचे काही जात नसे. सॅम्युएल प्लिमसॉल नामक पार्लमेंटच्या सभासदाने ह्याविरुद्ध झगडून १८७६ साली कायदा करविला, आणि ओझ्याची मर्यादा दाखविणारी खूण प्रत्येक जहाजाच्या बाजूस बाहेरून, सर्वांस दिसेल अशी, काढणे भाग पडले. दोष मालकाच्या वहीत राहू नये, चढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असावा, हे त्यातले मर्म.

कोणी म्हणेल, मग सांगितले म्हणजे सुटलो; तांडेलास म्हणावे, डावीकडचा तिसरा सांधा राहिला आहे, आणि होडी लोटावी. इतके सोपे नाही. ज्याने दोन महिन्यांची उचल घेऊन घरी पाठविली आहे, तो खलाशी ऐकून काय करणार? प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय पाहा. पौलाने धोक्याची सूचना दिली, शताधिपतीने तारवाच्या मालकाचे व सुकाणूवाल्याचे ऐकले, आणि दोनशे शहात्तर जीव तुफानात सापडले. त्यात कैदी होते. त्यांस धोका ठाऊक असूनही उतरण्याची मुभा नव्हती. म्हणून ज्या कामावर दुसऱ्याचा जीव टांगलेला आहे, ते सांगून टाळता येत नाही. ते होईपर्यंत होडी किनाऱ्यावरच राहिली पाहिजे, मग हंगामाचे पहिले आठ दिवस बुडाले तरी बुडोत. रंग, नाव, झाप, एखादे जुने जाळे, ही राहू द्यावीत, आणि राहिली असे सांगावे.

उपदेशक बंधूंची बदली होते तेव्हा हे फार उपयोगी पडते. नव्या माणसाच्या हाती आपण साधारणपणे मंदिराची किल्ली, सभासदांची वही व पुढे जे झाले त्याचा अहवाल देतो. त्या वहीच्या मागील कोऱ्या पानावर जे झाले नाही तेही लिहून द्यावे. कोणत्या घरी सहा महिने पाऊल पडले नाही, कोणत्या तंट्यात मध्यस्थी अर्ध्यावर सोडली, कोणाचे किती रुपये जमा करून घेतले व पावती दिली नाही, कोणती मुलगी शाळेतून काढल्यावर तिच्या बापाशी बोलणे राहिले. पैशाचे तेवढे जाण्यापूर्वी फेडूनच जावे. बाकीचे वाचून नव्या बंधूच्या मनात आपल्याविषयी थोडा हलका ग्रह होईल, तो होऊ द्यावा. पहिल्या आठवड्यात कोणत्या दारी जावयाचे हे त्यास कळेल.