पाळकाचा आनंद

ख्रिस्ती पाळकाला आनंद कोठून मिळावा, हा प्रश्न ज्यांनी ते काम कधी केले नाही त्यांना फार सोपा वाटतो. देवाच्या सेवकास देवाच्या सेवेतच आनंद वाटला पाहिजे, असे ते म्हणतात, आणि एवढे म्हणून झाल्यावर पाळकाचा उतरलेला चेहरा हा त्याच्या अल्पविश्वासाचाच दाखला समजतात. पण रविवारच्या उपासना आटोपल्या की एखाद्या घरातील जमिनीच्या तंट्यात मध्यस्थी, दुसऱ्या दिवशी दफन, त्याच सायंकाळी लग्नाची बोलणी, आणि या सर्वांच्या मधून पंचांच्या सभेत छपराच्या दुरुस्तीवरून उठलेले वादळ, अशा आठवड्यांतून जो मनुष्य वर्षानुवर्षे जातो, त्याचा उत्साह केव्हातरी ओसरला तर त्यात नवल ते काय? नवल आहे ते तो उत्साह पुन्हा भरून येतो याचे; आणि तो कसा भरून येतो हे पाहावयाचे तर पवित्र शास्त्रातील ज्या थोर पुरुषांना आपण निराशेच्या पलीकडचे मानतो, त्यांच्याच चरित्रांकडे वळावे लागते.

कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाल्यावर एलीया ईजेबेल राणीच्या एका निरोपाने भयभीत होऊन रानात पळाला आणि रतामाच्या झाडाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या विश्वासाची झडतीही घेतली नाही. त्याने त्या झोपलेल्या माणसाला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे पुढे केले, तो खाऊन पुन्हा निजला तेव्हा त्याला निजू दिले, आणि मग पुन्हा उठवून जेवू घातले. होरेबाची वाटचाल, तेथील शांत मंद वाणी, बआलापुढे गुडघे न टेकलेली 7000 माणसे इस्राएलात उरली आहेत ही खबर, आणि अलीशासारखा साथीदार, हे सारे त्यानंतरचे. आमच्या बोधपर पुस्तकांतून हा अनुक्रम बहुधा उलटा होतो; थकलेल्या पाळकास अधिक प्रार्थनेचा उपदेश आधी मिळतो, आणि भाकरीचा विषय निघतच नाही. मोशेची गोष्टही याच जातीची आहे. एवढ्या लोकांना तान्ह्या बाळाप्रमाणे उराशी धरून नेण्यास मी काय त्यांची आई आहे, असे त्याने देवालाच विचारले, आणि हेच चालावयाचे असेल तर मला मारून टाक, असेही तो म्हणाला. या उद्दामपणाबद्दल त्याला शासन झाले नाही; त्याचा भार वाटून घेण्यास 70 वडील नेमले गेले.

पौलाचे प्रकरण मात्र अधिक सूक्ष्म आहे. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या हालअपेष्टांची यादी देतो. फटके, दगडमार, तीनदा फुटलेले गलबत, तहानभूक, थंडी, आणि या सर्वांच्या शेवटी, जणू तीच सर्वांत जड असावी अशा रीतीने, सर्व मंडळ्यांची रोजची चिंता. इकडे बंदिवासातून फिलिप्पैकरांना लिहिलेले त्याचे पत्र पाहावे, तर त्यात पानोपानी आनंद भरलेला आहे. त्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याच्यासाठी मदत पाठविली होती. तो बिचारा पौलाकडे येऊन मरणोन्मुख होण्याइतका आजारी पडला, त्याच्या आजाराची वार्ता घरी पोहोचल्यामुळे तो स्वतः कासावीस झाला, आणि त्याला परत धाडताना पौलाने जे लिहिले ते एखाद्या घरच्या वडीलमाणसाने लिहावे तसे आहे. ज्या जातीच्या मंडळ्यांनी त्याची झोप उडविली त्यांपैकीच एकीला तो आपला आनंद व आपला मुकुट म्हणतो. यावरून मला असे वाटते की पाळकाची चिंता व पाळकाचा आनंद या दोन निराळ्या खात्यांवरच्या रकमा नव्हेत. नावानिशी ओळखलेल्या माणसांपासून दोन्ही येतात, आणि जो चिंता टाळण्यासाठी माणसांपासून दूर राहतो त्याच्या वाट्याला आनंदही येत नाही.

इंग्लंडात सतराव्या शतकात किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचा पाळक होता. त्याच्या हद्दीत 800 हून अधिक कुटुंबे होती, आणि तो व त्याचा सहकारी आठवड्याचे दोन दिवस राखून पंधरा-सोळा कुटुंबांशी एकेक करून बोलत, म्हणजे वर्षात सारी वस्ती होई. दहा वर्षे प्रवचने ऐकून ज्यांच्या पदरी काही पडले नव्हते, त्यांतील काहींना अर्ध्या तासाच्या खाजगी बोलण्याने उमज पडल्याचे त्याने नमूद केले आहे. व्यासपीठावर प्रेम करणाऱ्या पाळकांना हे वाक्य रुचणार नाही. त्याच शतकातला कवी जॉर्ज हर्बर्ट बेमर्टनच्या लहानशा देवळात तीन वर्षेही पुरता पाळक नव्हता, 1633 साली तो वारला; पण वॉल्टनने लिहिलेल्या त्याच्या चरित्रात एक हकीकत आहे. सॉल्झबरीस संगीताच्या बैठकीला जाताना त्याला वाटेत एक गरीब मनुष्य व ओझ्याखाली कोसळलेला त्याचा घोडा दिसला. हर्बर्टने आपला पाळकी झगा उतरवून ओझे सोडविण्यास व पुन्हा लादण्यास हात लावला, दोघांच्या खाण्याची सोय व्हावी म्हणून पैसे दिले, आणि नेहमी नीटनेटका असणारा हा गृहस्थ चिखलाने माखून मित्रांपुढे उभा राहिला. त्यांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने सांगितले की या कामाची आठवण मध्यरात्री मला संगीतासारखी वाटेल.

परंतु येथेच एक धोका आहे. माणसांत रमलेला पाळक हळूहळू मंडळीला आपले वतन समजू लागतो. कोणी घर सोडून दुसऱ्या मंडळीत गेले की त्याला आपली जहागीर खालसा झाल्यासारखे होते, आणि हजेरीपटाचे आकडे त्याची मनःस्थिती ठरवू लागतात. गालील समुद्राच्या काठी येशूने पेत्राकडे मेंढरे सोपविली खरी, पण मालकी स्वतःकडेच ठेवली. पुढे पेत्रानेही वडिलांना कळपावर धनीपण न गाजविण्याची ताकीद दिली. ही मर्यादा जाचक वाटली तरी तिच्यात फार मोठी सुटका आहे, कारण ज्याची मालकी त्याच्यावर शेवटचा हिशेब.

आपल्याकडील रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा अशाच एका मुक्ततेचा त्यांना ध्यास होता. पण त्यांच्या औदार्याचा संसारावर पडलेला भार कोणी वाहिला हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावयास मिळते. तरीही पाळकाच्या आनंदाची चर्चा करणारे आपण पाळकबाईंच्या आनंदाविषयी एक ओळही लिहीत नाही, हा अन्याय आहे.

म्हणून मंडळीच्या पंचांना माझे सांगणे आहे. पाळकास आठवड्याचा एक दिवस मोकळा द्या आणि त्या दिवशी त्याच्या दारी जाऊ नका. वेतन महिन्याच्या महिन्यास, न मागता, हाती ठेवा. ज्या कामास तीन माणसे लागतात ते त्याच्या एकट्याच्या गळ्यात घालू नका. आणि त्याच्या प्रवचनातील एखादे वाक्य तुमच्या उपयोगी पडले असेल, तर निरोपसमारंभाच्या भाषणासाठी ते राखून न ठेवता याच रविवारी, उपासना संपल्यावर, त्याला सांगा.