आजचं चिंतन: गोवर्धनाखाली या

आज भागवत, दशम स्कंध, अध्याय २५.

मागच्या मेमध्ये डॅलसहून ओक्लाहोमा सिटीला निघालो होतो. वाटेत फोन किंचाळला: टॉर्नेडो वॉर्निंग. (‘वॉच’ म्हणजे शक्यता, ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ दिसलंय, आत्ता लपा.) समोर हायवेचा पूल. मन म्हणालं, खाली थांब. पण तिथे वारा उलट जास्त जोर धरतो. ३ मे १९९९च्या वादळात ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेली माणसं गेली होती. म्हणून पुढच्या पेट्रोल पंपावर वळलो. काउंटरवरच्या बाईंनी आम्हा सगळ्यांना आतल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये कोंबलं. उकिडवे बसलो, हात डोक्यावर. माझं नामस्मरण, शेजारच्या ट्रकवाल्याची त्याची प्रार्थना.

तेव्हा गोवर्धन आठवला. इंद्राचा पाऊस कोसळताना कृष्णाने ‘घरीच बसा, मी बघतो’ असं नाही म्हटलं. पर्वत उचलला आणि गाईगुरांसकट सगळ्यांना खाली बोलावलं. आत चालत जाणं मात्र गोकुळवाल्यांचंच काम होतं. आणि डोंगर हातातून निसटला तर, ही भीती? तीही त्याने ओळखली होती, आधीच धीर दिला. सात दिवस!

आमची जेमतेम चाळीस मिनिटं. वादळ लांबून गेलं. निघताना त्या बाईंनी कॉफी दिली, पैसे घेतले नाहीत.